वकीलसाहेब माझ्याच गाडीत

आष्ट्यातल्या आमच्या घरातून रस्त्यावर यायला एक बोळ आहे. अरुंद आहे, पण मोटरसायकल सुखानं निघायची आणि गणपतीची मूर्ती वाकडी न करता आत यायची. एका वर्षी पावसाळा संपता संपता मी ड्युटीवरून घरी आले, तर बोळाच्या तोंडाशी गुडघाभर विटांचं बांधकाम उभं. दुसऱ्या दिवशी ते कमरेला लागलं. तिसऱ्या दिवशी माणूस आडवा होऊन जाईल एवढीच फट उरली.

भिंत घातली होती शेजारच्या आण्णांनी. आण्णा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झालेले, बोलायला एकदम कमी. इतक्या वर्षांत आमचं त्यांच्याशी कधी वाकडं नव्हतं. दिवाळीला ताटं इकडून तिकडं जायची.

"आण्णा, ह्ये काय चालवलंय?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"माझ्या जागंत बांधतोय," आण्णा म्हणाले आणि दार लावून घेतलं.

आमचे हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी तडक पहार काढली. मी ती हातातून काढून घेतली आणि माळ्यावर टाकली. नगरपरिषदेत गेलो तर तिथले साहेब म्हणाले, हा तुमचा खासगी वाद, कोर्टात जा. माझं माहेर पाटणच्या वरच्या अंगाला डोंगरात. तिथं भांडणं पाराखाली मिटायची. कोर्टाची पायरी आमच्या घरात कुणी चढलं नव्हतं. मला ती चढावी लागली, कारण घर माझ्या नावावर आहे.

वकील ह्यांनीच शोधला. पलटणीत ह्यांना कवायत शिकवणाऱ्या एका उस्तादांचा भाचा, सांगलीत ऑफिस. "आपला माणूस हाय, उगं फिरवाफिरवी करायचा न्हाई," असं ह्यांनी मला दोन-तीनदा सांगितलं. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं, काचेची केबिन, मागं लाल पुठ्ठ्याच्या जाड पुस्तकांची रांग. वकीलसाहेब चाळिशीतले, बोलायला गोड. आम्ही बसलो तेवढ्या वेळात त्यांना चार फोन आले आणि चौघांनाही ते म्हणाले, "काम झालंच म्हणून समजा." आमची हकिगत त्यांनी फोनच्या मधल्या फटींतून ऐकली. मग मला म्हणाले, "ताई, दोन तारखांत भिंत खाली."

आठवड्यानं दाव्याचे कागद तयार झाले. त्यांनी पानं भराभरा उलटत सात-आठ ठिकाणी पेनानं बारीक फुल्या मारल्या आणि पेन माझ्या हातात दिलं.

"वाचून बघू का?" मी विचारलं.

"वाचायचं काय त्यात? नेहमीचाच मजकूर असतो. तुम्ही सह्या करा."

मी सह्या केल्या. मी एसटीत कंडक्टर आहे. तिकिटावरचा टप्पा चुकला तर दुसऱ्या टप्प्याच्या आत मला कळतं. वे-बिलावर, म्हणजे दिवसाच्या हिशोबाच्या कागदावर, एक आकडा इकडचा तिकडं झाला तर मला जेवण जात नाही. आणि माझ्या स्वतःच्या घराच्या कागदावर मी न वाचता सह्या केल्या, का, तर समोरच्या काचेच्या केबिनला मी भ्याले. त्या गोष्टीचा राग मला वकिलापेक्षा स्वतःचाच जास्त आला, पण तो पुढं.

दोन तारखा गेल्या, चार गेल्या, वर्ष गेलं. सुरुवातीला मी रजा टाकून तालुक्याच्या कोर्टात जायची. व्हरांड्यातल्या बाकावर एका टोकाला मी बसायची, दुसऱ्या टोकाला आण्णा. पुकारा झाला की आण्णांचा वकील आत जायचा. माझे वकीलसाहेब कधी यायचे, कधी नाही. आले तर घाईत असायचे, खिडकीपाशी उभ्या उभ्या म्हणायचे, "पुढची तारीख घेतली, जावा तुम्ही." एकदा मी त्यांना गाठून विचारलं, "साहेब, पंच कधी यायचे जागा बघायला?" तर म्हणाले, "त्या विहिरीच्या?"

"विहीर न्हाई साहेब. बोळ."

"हां हां, बोळ. बोळच."

त्या दिवशी घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, की ह्या माणसाला आपली केस कशाची आहे तेच ठाऊक नाही. हे म्हणाले, "लय केसी असत्यात त्यांच्याकडं. एखांदी इकडची तिकडं व्हतीच." पलटणीच्या उस्तादांचा भाचा असल्यावर ह्यांच्या लेखी तो चुकू शकत नव्हता. त्यानंतर वकीलसाहेबांनीच मला यायचं बंद केलं. "ताई, तुम्ही ड्युटी कशाला बुडवता? मी आहे ना. पार्टी हजर पाहिजे असली की मी कळवेन." मला ते बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग ती सकाळ आली.

सांगली–शिराळा गाडी होती माझ्याकडं. साडेदहाच्या आसपास आम्ही आष्ट्याच्या स्टँडवर आलो. त्या दिवशी तारीख असल्याचं वकीलसाहेबांनीच आधी कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं, म्हणून मी सकाळपासून दोनदा फोन केला होता. उचलला नव्हता. मी नियंत्रकांच्या खिडकीवर जाऊन नोंद केली आणि गाडीकडं परत येताना तिसऱ्यांदा फोन लावला. मी गाडीच्या सावलीत उभी होते. माझ्या डोक्यावरच्या खिडकीतून भजनाची चाल वाजायला लागली, टाळ-मृदंगासकट. मग चाल थांबली आणि माझ्या कानात आवाज आला, "हां ताई, बोला पटकन."

तोच आवाज वरून, खिडकीतूनही आला.

मी म्हणाले, "साहेब, आज तारीख हाय ना आपली?"

"त्यासाठीच कोर्टात उभा आहे. जज मॅडमच्या समोरच आहे, बोलता येत नाही," असं कानात आणि डोक्यावर एकाच वेळी ऐकू आलं, आणि फोन बंद झाला.

मी दोन पावलं मागं सरकून वर बघितलं. खिडकीला डोकं टेकून वकीलसाहेब बसले होते. पांढरा शर्ट होता, पण काळा कोट नव्हता. मांडीवर भेटवस्तूचा चकचकीत कागदातला खोका होता.

मी आत चढले. डबल बेल दिली. गाडी निघाली. मी पुढच्या सीटपासून तिकिटं देत आले. हात नेहमीसारखे चालत होते, पण चोरी माझीच पकडली गेल्यासारखं वाटत होतं. त्यांच्या सीटपाशी आले आणि म्हणाले, "तिकीट."

"शिराळा एक," ते मोबाइलमध्ये बघत म्हणाले. मग वर बघितलं. खाकी कपड्यांत त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं. ओळखायला थोडा वेळ लागला. चेहऱ्यावरचा रंग बदलला तो मात्र लगेच.

"अरे, ताई तुम्ही! गाडी बिघडली हो माझी, आत्ताच इथं गॅरेजला सोडली. शिराळ्याला मेव्हण्याची वास्तुशांती आहे."

"तुमी कोर्टात हुबा व्हता न्हवं?"

"नाही, म्हणजे मॅडम आज रजेवर आहेत. तुम्हाला काळजी नको म्हणून तसं म्हणालो. तारीख पडणार नुसती."

आजूबाजूची माणसं ऐकत होती. मी तिकीट काढून दिलं, सुटे परत दिले आणि पुढच्या सीटकडं सरकले. मॅडमच्या समोर उभं असणं आणि मॅडम रजेवर असणं, ह्या दोन्ही गोष्टी एका दमात खऱ्या असू शकत नाहीत, एवढं मला कळत होतं. तालुक्याच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. तिथून कोर्ट चालत पाच मिनिटांवर. वकीलसाहेब खाली उतरले, चहा प्यायले आणि परत येऊन खिडकीपाशी बसले.

माझे ड्रायव्हर भाऊ मुरलेले आहेत. त्यांनी आरशातून सगळं बघितलं होतं. मी दारापाशी आले तेव्हा ते हळूच म्हणाले, "ताई, तुमचा वकील व्हय त्यो? मग कोर्ट मागं टाकून कुठं निघालाय?"

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी थोडा वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाले, "गाडी बिघडल्याली खरी असंल की." मी भाकऱ्या थापायला घेतल्या. पण मनातून तो विषय गेला नाही.

पंधराएक दिवसांनी, शिराळ्याच्या स्टँडवर डबा खाताना ड्रायव्हर भाऊंनी विचारलं, "तुमच्या केसचा नंबर हाय का तुमच्याकडं? माझी बांधाची केस हाय, मी मोबाइलवर बघतो." माझ्या पर्समध्ये जुन्या तारखेची एक चिठ्ठी होती, तिच्यावर नंबर होता. त्यांनी तो घातला, स्क्रीनवरचं चाक फिरत राहिलं, मग पान उघडलं. भाऊंनी चष्मा वर-खाली केला आणि मोबाइल माझ्याकडं दिला.

तिथं लिहिलं होतं, वादी आणि वादीचे वकील गैरहजर, दावा काढून टाकला. तारीख तीच होती, वास्तुशांतीची.

मी डब्याचं झाकण लावलं. मॅडम रजेवर नव्हत्या. मॅडम कोर्टात बसल्या होत्या, त्यांनी माझं नाव पुकारलं होतं, आणि त्या वेळी माझा वकील मी दिलेलं तिकीट खिशात घालून चहा पीत होता. मी त्याच गाडीच्या दारात उभी राहून पुढच्या गावांची नावं ओरडत होते.

"रडू नगा," भाऊ म्हणाले. "तीस दिसाच्या आत अर्ज केला तर दावा परत फाइलवर घेत्यात. माझ्या चुलत्याचं झालं तसं. दिस किती ऱ्हायलेत ते बघा आधी."

तेरा दिवस राहिले होते.

मी वकीलसाहेबांच्या ऑफिसात गेले. ते म्हणाले, "असं होतं कधीकधी. आपण बघू. अपील करू." मी म्हणाले, "अपील नको, माझी फाइल द्या." फाइल सापडेना. दोन कपाटं उघडून झाली. मग म्हणाले, घरी असेल, चार दिवसांनी या. माझ्याकडं चार दिवस द्यायला नव्हते.

तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात लिंबाखाली एक टायपिस्ट मामा बसतात. मी व्हरांड्यात बसायची तेव्हा दर वेळी दिसायचे, पण कधी बोलणं झालं नव्हतं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी टायपिंग थांबवलं.

"फाइल त्यांच्याकडं अडकली म्हणून काय झालं?" ते म्हणाले. "अस्सल कागद कोर्टात हाईत. नक्कल विभागात अर्ज द्या, नकला मिळत्यात. तुमचीच केस हाय, तुमाला कोण न्हाई म्हणतंय?"

मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. इतका काळ मला वाटत होतं की केस वकिलाची असते आणि आपण तिच्या मागं मागं जायचं.

नकला चौथ्या दिवशी मिळाल्या. त्या संध्याकाळी स्वयंपाक बाजूला ठेवून मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरले आणि पहिल्यांदा माझा दावा वाचायला घेतला. हे समोर बसून शेंगा फोडत होते. मी मोठ्यानं वाचत होते. दुसऱ्या पानावर होतं, "वादी ही विधवा असून तिच्या पतीच्या निधनानंतर ती शिवणकाम करून उदरनिर्वाह करते."

ह्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"मी कवा मेलो गं?"

हे उठले, कागद स्वतःच्या हातात घेतला, दिव्याखाली धरला आणि बोट फिरवत वाचला. "पतीच्या निधनानंतर," असं दोनदा पुटपुटले. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आगं, ह्ये जर पेन्शन हापिसात कुणी धाडलं तर? माझी पेन्शन बंद आनी तुला अर्धी चालू." आणि हसायला लागले. मीही हसायला लागले. दोघं इतके हसलो की शेजारच्या काकूंनी, म्हणजे आण्णांच्या बायकोनी, खिडकी उघडून बघितलं, काय झालं म्हणून. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कुठल्या कारणानं आलं हे मला सांगता येत नव्हतं.

मग ह्यांनी शेंगा बाजूला सारल्या. म्हणाले, "चूक माझी हाय. मी म्हनलो आपला मानूस. उद्या मी येतो तुझ्यासंगं."

तिसऱ्या पानावर एके ठिकाणी आष्ट्याऐवजी शिराळ्याच्या अलीकडच्या एका गावाचं नाव होतं. विहिरीचा उल्लेखही होता. म्हणजे त्या गावात शिवणकाम करणारी एक विधवा बाई होती, विहिरीवरून तिचा वाद होता, आणि तिचा दावा काढून वकीलसाहेबांनी वरवर नावं बदलून माझा केला होता. मला राहून राहून तिचंच मनात येत होतं. तिला तरी तिच्या तारखा माहीत असतील का?

दुसऱ्या दिवशी हे इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर सांगलीला आले. वकीलसाहेबांनी खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. हे बसले नाहीत.

"वकीलसाहेब," हे म्हणाले, "मला वळखलं का?"

"म्हणजे काय काका, तुम्हाला नाही ओळखणार?"

"मी वारलोय. तुमीच लिव्हलंय." आणि कागद पुढं ठेवला.

त्यांनी वाचला. तोवर मी त्यांना सवयीनं दोष देत होते, पण त्या क्षणी त्या माणसाच्या कपाळावर खरंच घाम आलेला मी बघितला. "टायपिंगची चूक आहे," ते म्हणाले. मग स्वतःलाच ते पटलं नसावं. खाली बघून म्हणाले, "कामं फार घेतो मी. नाही म्हणता येत नाही."

"आमाला म्हणायचं व्हतं न्हाई," मी म्हणाले. "आमी दुसरा बघितला असता. तुमी खोटं बोललात त्याचं वाईट वाटलं साहेब. तिकीट द्यायला मी उभी, आनी तुमी मला सांगताय कोर्टात हाय."

ते माझं वकीलपत्र सोडत असल्याचं पत्र मी त्यांच्याकडून लिहून घेतलं. ह्या वेळी शब्द न् शब्द वाचला, एक चूक सापडली, ती दुरुस्त करून घेतली आणि मगच घेतलं. निघताना त्यांना विचारलं, की विहिरीच्या त्या बाईचं काय? ते म्हणाले, "चालू आहे तिचं." आवाजावरून मला खात्री वाटली नाही.

म्हणून त्या आठवड्यात मी त्या गावच्या थांब्यावर चढणाऱ्या बायकांना विचारायला लागले. तिसऱ्या दिवशी एका आजींनी सांगितलं, "शिवणारी व्हय? देवळामागं ऱ्हाती." सुट्टीच्या दिवशी मी गेले. माझ्याच वयाची बाई, मशीनवर शाळेचे गणवेश शिवत बसलेली. मी माझी ओळख सांगितली तर तिला आधी काही समजेना, मग नक्कल दाखवली. तिनं स्वतःचीच हकिगत माझ्या नावाखाली वाचली आणि तोंडाला पदर लावला.

"माजं सगळं तुमच्या नावावर हाय की वो!"

तिच्याकडं नंबराची चिठ्ठी होती. ड्रायव्हर भाऊंनी शिकवल्याप्रमाणे मी मोबाइलवर बघितलं. तिचा दावा जिवंत होता. तारीख पुढच्या सोमवारी होती. तिला कुणी कळवलं नव्हतं. "मी जाती," ती म्हणाली. "मशीन बंद ठेवती त्या दिशी." निघताना तिनं मला खणाचा एक ब्लाउजपीस दिला. मी नको म्हणाले, तरी पिशवीत कोंबला.

माझा अर्ज टायपिस्ट मामांनी करून दिला. मी प्रत्येक ओळ वाचली. त्यात दावा परत फाइलवर घेण्याची विनंती होती आणि मूळ दाव्यातल्या चुका दुरुस्त करण्याचीही. पुरावा म्हणून मी डेपोतून त्या दिवसाच्या ड्युटीचा दाखला आणला. मुदतीचे दोन दिवस शिल्लक होते.

पुकारा झाला तेव्हा मी एकटीच आत गेले. भरलेल्या गाडीत मी साठ माणसांवर आवाज चढवते, पण तिथं माझा आवाज मलाच ऐकू येईना. मॅडम वयानं तरुण होत्या. त्यांनी कागद बघितले.

"तुमचे वकील?"

"सोडले मॅडम. पत्र लावलंय."

"दावा निकाली निघाला त्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

"ड्युटीवर मॅडम. शिराळा गाडीवर. वकीलसाहेबांनी सांगितलं होतं, यायची गरज नाही, मी कोर्टात आहे म्हणून."

"मग ते आले का नाहीत, माहीत आहे?"

वकीलसाहेबांचं नाव घालवायचं माझ्या मनात नव्हतं. पण मॅडमनी सरळ विचारलं होतं. "त्या वेळी ते माझ्याच गाडीत बसले होते मॅडम. तिकीट मीच दिलं."

मागं बसलेले दोन-तीन वकील खाकरले. मॅडमनी मान खाली घातली, बहुतेक हसू लपवायला. मग पानं उलटली.

"इथं तुम्ही विधवा आहात असं लिहिलंय."

"ते बाहेर बाकावर बसलेत मॅडम."

आता सगळेच हसले. मॅडमनी शिपायाला सांगितलं, बोलवा. हे दारातून आत आले आणि सवयीनं टाच जुळवून ताठ उभे राहिले. "हजर हाय साहेब." मॅडम म्हणाल्या, "बरं वाटलं." मग आण्णांच्या वकिलाकडं वळून विचारलं, तुमची हरकत? वकिलानं आण्णांकडं बघितलं. आण्णा मागच्या बाकावरून उठले. वर्षभरात कोर्टात त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "माजी हरकत न्हाई. बाईंची त्यात काय चूक?"

दावा परत फाइलवर आला. बाहेर व्हरांड्यात मी आण्णांजवळ गेले. काय म्हणावं ते ठरवलं नव्हतं. म्हणाले, "आण्णा, चहा घ्या." ते बाकावर बसले. आमचे हे तीन कप घेऊन आले.

मग हेच म्हणाले, "आण्णा, भिंत का घातली ते येकदा सांगा तरी. कागदात वाचून कळंना मला. कागदात मी मेल्यालो हाय."

आण्णांना हसू आलं. मग त्यांनी सांगितलं. आम्ही घरापुढं फरशी घातली त्या पावसाळ्यापासून बोळातलं पाणी त्यांच्या मागच्या खोलीत शिरत होतं. काकू तिथं झोपतात, त्यांना दम्याचा त्रास. खोलीच्या भिंतीला ओल चढली, म्हणून पाणी अडवायला त्यांनी बोळात विटा घातल्या. "मी दोनदा सांगितलं तुमाला," ते ह्यांना म्हणाले. "तुमी म्हनलात, बघू."

ह्यांनी कपाळावर हात मारला. "व्हय आण्णा. म्हनलो व्हतो. आनी इसरलो."

फरशी घालायचा हट्ट माझा होता. उतार कुठं जातोय ते मी बघितलं नव्हतं. आण्णांनी न सांगता भिंत घातली हे चूकच, आणि तेही ते कबूल करत होते, पण कोर्टात दोन टोकांना बसून आम्ही वर्षभर जे ऐकलं नव्हतं ते तीन कपांत समजलं. मधे वकील असला की आपण आपसात बोलायचं नसतं, असं मला कोण जाणे कुणी शिकवलं होतं.

पुढचं काम सोपं होतं. बोळाच्या कडेनं आम्ही झाकणाची गटार काढली, तिचा उतार रस्त्याकडं दिला. आण्णांनी स्वतः उभं राहून पाणी ओतून बघितलं, जसं काट्यावर वजन तपासायचे तसं तीन-तीनदा. पाणी सरळ बाहेर गेलं. मग गवंड्यानं भिंत उतरवली. विटा आण्णांच्याच, त्या त्यांनी मागच्या खोलीबाहेर ओटा करायला वापरल्या. तडजोडीचा कागद कोर्टात दिला तेव्हा मी आणि आण्णांनी तो मोठ्यानं वाचून मग सह्या केल्या. टायपिस्ट मामा म्हणाले, "येवढं वाचनारी पार्टी मी पहिल्यांदाच बघतोय."

वकिलाविरुद्ध तक्रार करा, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. कशी करायची तेही मी विचारून ठेवलं होतं. शेवटी केली नाही. शिवणकामवाल्या बाईंनी मात्र केली, आणि तिचं बरोबर होतं असं मला वाटतं. तिचं नुकसान माझ्यापेक्षा मोठं झालं असतं. तिच्या केसला आता सरकारच्या मोफत विधी सेवेतून मिळालेल्या एक वकीलबाई आहेत, त्या तिला दर तारखेच्या आदल्या दिवशी फोन करतात. हे तिनंच मला गाडीत सांगितलं, शिराळ्याला गणवेश पोचवायला निघाली होती तेव्हा.

ह्या पावसाळ्यात पहिल्याच जोराच्या सरीला काकूंनी मला खिडकीतून हाक मारली. मी घाबरून गेले, पाणी शिरलं की काय. काकू खोलीच्या मधोमध अनवाणी उभ्या होत्या. "पाय लाव," त्या म्हणाल्या. मी चप्पल काढून फरशीवर पाय ठेवला. फरशी कोरडी होती. काकूंनी मला बसवलं, गरम भजी आणली, आणि बाहेर बोळात आण्णा आणि आमचे हे छत्री नसताना भिजत, गटारीचं झाकण नीट बसलंय का यावर वाद घालत होते.